अनामिक स्त्रीच्या चित्राला तिच्या कागदावरची ओळख द्या : महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय, विद्यापीठीय आणि विश्वस्त संस्थांच्या वस्तुसंग्रहालयांचे संचालक, अभिरक्षक व विश्वस्त यांस,

विषय : अठराव्या शतकातील अनामिक स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांची नोंद, पाटी आणि मागची बाजू

स. न. वि. वि.

आपल्यापैकी अनेकांच्या संग्रहात अठराव्या शतकातली लघुचित्रे आहेत आणि त्यांत हाताच्या पंजाएवढ्या कागदावर रंगवलेले एकट्या स्त्रीचे चित्र बहुधा एखादे तरी असतेच. चेहरा एका बाजूने दिसणारा, मागे सपाट हिरवी किंवा निळसर पार्श्वभूमी, हातात फूल किंवा पेला, अंगावर मोती. चित्रकाराची सही नाही आणि स्त्रीचे नावही नाही. दरबाराची, शिकारीची आणि रागमालेची चित्रे पाहून झाल्यावर लोक या चित्रापाशी येतात, पाटीवरचे दोन शब्द वाचतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जिचे नाव ठाऊक नाही त्या स्त्रीच्या चित्राविषयीही पुष्कळ काही ठाऊक असू शकते. त्या कागदावर जे वाचता येण्यासारखे आहे ते आपण वाचावे, नोंदवावे, पाटीवर लिहावे आणि दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह सर्वांना पाहता येईल असे ठेवावे. आणि जे ठाऊक नाही त्या जागी एखाद्या प्रसिद्ध स्त्रीचे नाव चिकटवू नये.

असे एक चित्र मी राज्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात भिंगातून पाहिले आहे. स्त्रीचे तोंड डावीकडे आहे. कपाळावरचे केस एकेक करून ओढलेले आहेत आणि कानशिलापाशी ते इतके विरळ होत जातात की, केस कुठे संपले आणि त्वचा कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. चेहरा बाजूचा असला तरी डोळा मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे समोरून दिसावा तसा, लांबट आणि पूर्ण आहे. कानातल्या आणि गळ्यातल्या मोत्यांसाठी सफेता म्हणजे पांढरा रंग दाट करून थेंबाथेंबाने ठेवलेला आहे, त्यामुळे तिरक्या उजेडात प्रत्येक मोती कागदावर उचलून आल्यासारखा दिसतो. त्यांतले काही मोती गळून पडले आहेत आणि त्यांच्या जागी करडे ठिपके उरले आहेत. नाकाच्या शेंड्यापाशी अंतिम रेषेच्या बाहेर आणखी एक फिकट रेषा आहे. चित्रकाराने नाक आधी थोडे पुढे काढले होते आणि मग ते केसभर मागे घेतले, वरून पार्श्वभूमीचा हिरवा रंग चढवला. तो रंग आता तिथे पातळ झाल्यामुळे खालची दुरुस्ती वर आली आहे. हिरव्या रंगाच्या कडेने कागद तपकिरी पडलेला आहे. तांब्यापासून केलेला जंगाल वापरला असेल तर तो कागद आतून असाच जाळत जातो. या सगळ्याच्या खाली पाटी होती : ‘स्त्री. अठरावे शतक.’

ती पाटी खोटी नाही, परंतु तिच्यातून काहीच कळत नाही. ‘अठरावे शतक’ हे शब्द तर या बाबतीत फारच अपुरे आहेत, कारण याच शतकात चित्रकलेची केंद्रे विखुरली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ पासून, दिल्लीच्या दरबाराची ओढाताण सुरू झाली. १७१९ ते १७४८ या काळात मुहम्मद शाहाच्या आश्रयाने तिथली चित्रशाळा पुन्हा बहरली, पण १७३९ मध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटली आणि त्यानंतर चित्रकारांनी लखनौ, फर्रुखाबाद, मुर्शिदाबाद, राजस्थानातली संस्थाने आणि पहाडी राज्ये अशा वाटा धरल्या. इकडे दख्खनेत हैदराबादेला निजामाच्या आश्रयाखाली वेगळीच शैली आकाराला येत होती. औरंगाबादेत तर त्याच्या आधीपासून, मोगल सैन्याबरोबर आलेल्या राजपूत सरदारांसाठी चित्रे होत होती. १६५० मध्ये तिथे रसमंजरीची एक सचित्र पोथी तयार झाली, हे त्या पोथीतच लिहिलेल्या नोंदीवरून निश्चित ठाऊक आहे. उत्तर पेशवाईतल्या पुण्यात चितारी होते, आणि १७९१ मध्ये मुंबईत आलेला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुढे पुण्यात काम करत असताना त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट यांच्यासारखा कसलेला स्थानिक चित्रकार होता. इतक्या वेगवेगळ्या जागी झालेल्या कामाला एकच शतकाचा शिक्का लावला की, चित्राचा प्रांत, त्याचा आश्रयदाता आणि त्याची परंपरा हे सारे एका फटक्यात पुसले जाते.

गंगाराम तांबटांचे उदाहरण मी मुद्दाम दिले आहे. त्यांचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ज्यांच्यासाठी त्यांनी लेण्यांची आणि माणसांची चित्रे काढली त्या इंग्रजांनी कागदपत्रे सांभाळली आणि ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात नोंदीसह आहेत. त्यांच्याच पिढीतल्या इतर चितारींचा हात त्यांच्यापेक्षा कमी होता असे मानायला काही आधार नाही. नाव टिकते ते बहुतेक वेळा नोंदीमुळे, आणि म्हणून नोंद करणाऱ्याच्या हातात फार मोठी गोष्ट असते.

आता मूळ प्रश्नाकडे येते : हे चित्र खरोखर कुणा एका स्त्रीचे आहे का? अभ्यासकांनी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि तो आपल्या पाटीवर कधीतरी दिसायला हवा. अकबराने आपल्या सरदारांच्या तसबिरी करवून त्यांचा मोठा संग्रह बांधला, असे त्याच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल याने लिहून ठेवले आहे. जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळात तसबिरीत चेहरा एका बाजूने दाखवण्याचा रिवाज पक्का झाला. कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटी यांची एकच बाह्यरेषा माणसाची ओळख पटवायला पुरते आणि तीच रेषा उतरवून घ्यायलाही सोपी असते. पुरुष दरबारात उभे असत आणि चित्रकार त्यांना समोर पाहत असे. राजघराण्यातल्या स्त्रिया मात्र पडद्याआड होत्या. काही स्त्रियांनी काढलेली चित्रे उपलब्ध आहेत, जहांगीराच्या काळातल्या सहिफा बानूचे नाव त्यांत घेतले जाते, पण सर्वसाधारण चित्रकाराला जनानखान्यात प्रवेश नव्हता. त्यामुळे राणी किंवा बेगम म्हणून रंगवलेला चेहरा पुष्कळदा सौंदर्याच्या ठरलेल्या कल्पनेचा असे. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला भेट दिलेला चित्रसंग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात तरुण पुरुष आणि तरुण स्त्रिया समोरासमोरच्या पानांवर उभ्या आहेत. त्या स्त्रियांपैकी कोण कोण होत्या, किंवा त्या कुणी होत्या का, हे कुणालाही सांगता येत नाही, आणि तरीही त्या पानांवर मोठमोठे अभ्यास झाले आहेत.

कलावंतिणी, गायिका, दासी आणि दरबाराशी संबंध असलेल्या इतर स्त्रिया यांना चित्रकार पाहू शकत होता. म्हणून एखाद्या चेहऱ्यात ठरावीक साच्याला न जुमानणारे काही दिसले, हनुवटीखाली मांसल वळी असली, वय झाल्याची खूण असली, नाकाचा बांक नेहमीपेक्षा वेगळा असला, तर तिथे थांबून विचार करावा लागतो. मी वर सांगितलेली नाकाची दुरुस्ती या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. ती दुरुस्ती साच्याबरहुकूम रेषा आणण्यासाठी केलेली असू शकते, किंवा डोळ्यासमोरच्या अथवा आठवणीतल्या एका विशिष्ट स्त्रीशी चेहरा जुळावा म्हणूनही केलेली असू शकते. दोन्ही शक्यता पाटीवर लिहिता येतात. पाहणाऱ्याला त्या दोन वाक्यांनी चित्राकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटेल.

आणि इथेच मापाचा प्रश्न येतो. अभिरक्षकांनी माझ्या पत्रातला एकच भाग मनावर घ्यायचा ठरवले, तर तो हा घ्यावा अशी माझी विनंती आहे. लघुचित्रांच्या कारखान्यांत चरबा नावाची वस्तू असे. पातळ, पारदर्शक केलेल्या कातड्यावर किंवा कागदावर मूळ चित्राची बाह्यरेषा उतरवून घेत, त्या रेषेवर सुईने बारीक भोके पाडत आणि नव्या कागदावर चरबा ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवत. खाली ठिपक्यांची रेषा उमटे आणि त्यावरून खाका, म्हणजे कच्चे रेखाटन, पक्का केला जाई. चरबा पालथा टाकला की डावीकडे पाहणारी स्त्री उजवीकडे पाहू लागे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चरबे जात आणि घराण्याने गाव बदलले की चरबेही त्यांच्याबरोबर गाव बदलत. याचा अर्थ असा की, एकाच चरब्यावरून निघालेल्या दोन चित्रांत चेहऱ्याचे माप मिलिमीटरपर्यंत जुळते, मग ती चित्रे एक पुण्यात आणि एक लंडनमध्ये का असेनात. कपाळापासून हनुवटीपर्यंतचे अंतर, डोळ्याची लांबी, नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंतचे अंतर, ही मापे आपण नोंदवलीत आणि छायाचित्रात चित्राशेजारी मोजपट्टी ठेवलीत, तर कुठल्याही गावातला अभ्यासक आपल्या हातातल्या चित्राशी ती ताडून पाहू शकेल. एखाद्या जुळणाऱ्या चित्राच्या मागे नाव, संवत किंवा गाव लिहिलेले निघाले, तर आपल्या अनामिक स्त्रीचे घराणे त्यावरून कळेल. हे काम एकट्या संग्रहालयाने कधीच होणार नाही आणि सर्वांनी मापे दिली तर आपोआप होऊ लागेल. आजच्या आपल्या बहुतेक छापील सूच्यांत मात्र चित्राचे माप असलेच तर हाशियासह, म्हणजे भोवतालच्या कोऱ्या किंवा नक्षीदार कडांसह, सबंध पानाचे असते, आणि त्या मापावरून चेहरा जुळवता येत नाही. जुन्या चित्रसंग्रहांतली पाने फोडून विकली गेली तेव्हा पुष्कळ चित्रांचे हाशिये कापले गेले किंवा नवे जोडले गेले, म्हणून सबंध पानाच्या मापाला तितकासा अर्थही उरत नाही.

आता नावांविषयी. नाव नसलेल्या चेहऱ्याला प्रसिद्ध नाव देण्याची सवय जुनी आहे आणि ती केवळ आपलीच नाही. घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेली स्त्री दिसली की ती चांदबिबी, असे आपण लहानपणापासून मानत आलो. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवला आणि १६०० च्या सुमारास ती मारली गेली. तिचे म्हणून ओळखले जाणारे एक सुंदर दख्खनी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तेसुद्धा १७०० च्या सुमाराचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी रंगवलेले आहे. ते चित्र तिच्या स्मृतीचे आहे, तिच्या कीर्तीचे आहे, आणि त्या अर्थाने ते अनमोल आहे. तिच्या चेहऱ्याचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या चित्रकारांनी हस्तिदंताच्या लहान तुकड्यांवर शाहजहान आणि मुमताज यांच्या जोड्या युरोपीय प्रवाशांसाठी पुष्कळ रंगवल्या. त्या चेहऱ्यांना मागे जाऊन इतिहासाचा आधार मिळाला आणि आज छापील पुस्तकांतही ते चेहरे ‘मुमताज’ म्हणून येतात.

किशनगढच्या चित्राची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. राजा सावंतसिंह, जो नागरीदास या नावाने कविता करत असे, त्याच्या आश्रयाखाली निहालचंद या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या मध्यावर बाजूने दिसणाऱ्या स्त्रीचा जो चेहरा घडवला तो बणीठणी म्हणून गाजला. भारताच्या टपाल खात्याने १९७३ मध्ये त्याचे तिकीट काढले तेव्हा त्यावर ‘राधा’ असे नाव होते. एकाच चेहऱ्याला भक्त राधा म्हणतात, रसिक राजाची प्रेयसी म्हणतात आणि प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती भारताची मोनालिसा म्हणतात. तो चेहरा निहालचंदने घडवलेला एक आदर्श आहे, इतके मात्र चित्रावरून स्पष्ट दिसते, आणि त्यानंतर किशनगढच्या कितीतरी नायिकांना तोच बाकदार डोळा आणि तीच निमुळती हनुवटी मिळाली.

महाराष्ट्रात हा मोह मस्तानीच्या नावाभोवती सर्वांत जास्त आहे. बाजीराव आणि मस्तानी दोघेही १७४० मध्ये गेले. तिच्या हयातीत, तिला पाहून काढलेले आणि तसे सिद्ध झालेले चित्र नाही. असे असताना अठराव्या, कधी एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा उत्तरेकडच्या नायिकेचे चित्र उचलायचे, त्याखाली ‘मस्तानी’ लिहायचे आणि ते फोनवरून घरोघर पोचवायचे, हे आपण रोज पाहतो. याला आळा घालण्याची ताकद फक्त संग्रहालयांत आहे, कारण लोक शेवटी विचारतात की मूळ चित्र कुठे आहे आणि त्याच्याखाली काय लिहिले आहे. आपल्या पाटीवर ‘असे म्हणतात’ किंवा ‘बहुधा मस्तानी’ असे शब्द आले की त्यांतले ‘बहुधा’ बाहेर जाईपर्यंत गळून पडते. ‘स्त्री’ एवढीच पाटी अपुरी आहे, हे मी वर म्हटले. पण खोट्या नावाची पाटी त्याहून वाईट आहे असे माझे ठाम मत आहे, कारण ती दोन स्त्रियांवर अन्याय करते. जिचे नाव वापरले तिला भलता चेहरा मिळतो, आणि जिचा चेहरा वापरला तिचा शोधच थांबतो. नाव मिळाले म्हटल्यावर पुन्हा शोध कोण घेणार?

खरे नाव मिळण्याची जी काही शक्यता असते ती बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते. वसली म्हणजे कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून, अकीक दगडाने घोटून केलेला जाड कागद. त्याच्या पाठीवर फारसीत, राजस्थानीत, मोडीत किंवा देवनागरीत एखादी ओळ, किंमत, भांडाराचा अनुक्रमांक, तपासणीचे संवत, कधी शिक्का असतो. बिकानेरच्या संग्रहातून बाहेर पडलेल्या चित्रांवर तर अशा नोंदी आणि शिक्के इतके आढळतात की त्यांवरून चित्राचा प्रवास लावता येतो. मागे लिहिलेले नाव जसेच्या तसे खरे मानावे असेही नाही, कारण ते पुष्कळदा दोन पिढ्यांनंतरच्या भांडारपालाने लिहिलेले असते. ओळ कोणत्या हाताची, कोणत्या शाईची, कोणत्या काळाची, हे वेगळे पाहावे लागते. पण त्यासाठी मुळात ती ओळ दिसली पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी चित्रांची पाठ गेल्या शतकात पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवून टाकलेली आहे, त्या पुठ्ठ्यातले आम्ल आता कागदात उतरते आहे आणि मागचा मजकूर कुणीही वाचलेला नाही. ती चित्रे घाईने सोडवावीत असे मी म्हणत नाही. ते काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञांचेच आहे. तोपर्यंत चित्रामागून उजेड सोडून किंवा अवरक्त किरणांच्या छायाचित्रणाने काही अक्षरे, आणि खालचा काजळाचा खाका, दिसतो का हे पाहता येते. ज्या चित्रांची पाठ मोकळी आहे त्यांचे छायाचित्र घ्यायला तर काहीच अडचण नसावी.

कागद आणि रंगही तारखेबद्दल बोलतात. चित्र युरोपीय कागदावर असेल तर उजेडात जलचिन्ह दिसते, आणि इंग्लंडमधल्या व्हॉटमनसारख्या गिरण्यांच्या कागदावर १७९४ पासून साल असण्याची चाल पडली. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा आणि जुन्नरचा हातकागद दफ्तरांत चालत असे. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्या धंद्याची आठवण नावात बाळगून आहे. त्या कागदांची तंतुरचना पाहून तुलना करता येईल. हिंगूळ, हरताळ, नीळ, सफेता हे जुने रंग. प्रशियन निळा हा बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रथम तयार झाला, कृत्रिम लाजवर्दी निळा १८२० नंतरचा, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग तर विसाव्या शतकातला. हा शेवटचा रंग मोत्यांच्या ठिपक्यांत सापडला तर ते मोती कुणीतरी अलीकडे पुन्हा ठेवले आहेत एवढे निश्चित. असे परीक्षण कागदाला धक्का न लावता करता येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे जतन केंद्र आहे, लखनौत केंद्र सरकारची जतन प्रयोगशाळा आहे. जिल्ह्याच्या संग्रहालयांनी त्यांची दारे ठोठवावीत.

दागिन्यांचे वाचन तर आपल्या गावातच होऊ शकते. स्त्रीच्या नाकात काय आहे, गळ्यात चिंचपेटी आहे की तन्मणी, कानात कुडी आहे, बुगडी आहे की झुमक्याला मोत्यांची साखळी आहे, ओढणी कशी खोचलेली आहे, यावरून प्रांत आणि काळ यांचा अंदाज बांधता येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र संशोधन करून, हा दागिना जुन्या संस्कृत वाङ्मयात आणि शिल्पांत का आढळत नाही याची चिकित्सा जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी केली. तेच बारकाईचे काम चित्रांवरून पुढे नेता येईल. त्यासाठी कलेतिहासाच्या प्राध्यापकांबरोबर एखाद्या जुन्या सराफाला आणि मोती गाठवणाऱ्या पटवेकऱ्याला चित्रासमोर उभे करावे. मोती कोणत्या दोऱ्यात, किती पदरांत आणि कशा गाठीने ओवले आहेत हे त्याला जितके झटकन दिसेल तितके पुस्तकातून आलेल्या माणसाला दिसणार नाही. चित्रकाराने ती गाठ काढली असेल तर ती पाहूनच काढली असणार.

माणसे कमी, पैसा कमी, आणि दालनाचे छप्परच गळते तिथे मिलिमीटरची मापे कुठे घेत बसायची, असे उत्तर मला अपेक्षित आहे, आणि त्यात तथ्य आहे. छोट्या संग्रहालयांत एकच अभिरक्षक तिकीट, वीजबिल आणि वारसा दिनाचे कार्यक्रम हे सारे सांभाळतो, हे ठाऊक असूनच मी लिहीत आहे. तरीही या कामातला मोठा भाग मोजपट्टी, बरा कॅमेरा आणि एक नोंदवही एवढ्यावर होण्यासारखा आहे. राज्यात मोडी वाचणारी मंडळी आहेत, फारसी जाणणारे अभ्यासक आहेत, कलामहाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत. त्यांना रीतसर, देखरेखीखाली, आठवड्यातला एक दिवस दिला तर ते आनंदाने येतील. केंद्र सरकारच्या संग्रहालयांचे डिजिटल संग्रह ज्या ‘जतन’ प्रणालीवर चालतात ती पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतच तयार झाली आहे. तिच्यात मागच्या बाजूचे छायाचित्र आणि सविस्तर नोंद ठेवता यावी एवढीच अपेक्षा आहे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या, स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) बंधनातून मुक्त असलेल्या चित्रांची मोठ्या आकाराची छायाचित्रे सर्वांना मोफत वापरायला दिली आहेत, आणि म्हणून इथल्या विद्यार्थ्याला दख्खनी चित्र अभ्यासायचे असेल तर त्याला न्यूयॉर्कचे चित्र आपल्या शेजारच्या गावातल्या चित्रापेक्षा अधिक जवळून पाहता येते. ही परिस्थिती बदलणे आपल्याच हातात आहे.

लोकांना नाव लागते, नाव नसेल तर ते थांबत नाहीत, असेही मला एका दालनात सांगण्यात आले. माझा अनुभव वेगळा आहे. पाटीवर जर असे लिहिले की, या स्त्रीचे आणि चित्रकाराचे नाव ठाऊक नाही; ओढणी आणि पार्श्वभूमी यांवरून चित्र हैदराबादकडचे वाटते; नाकाची रेषा चित्रकाराने एकदा बदलली आहे, ती हिरव्या रंगाखाली पाहा; मोत्यांचे ठिपके पांढऱ्या शिशाचे आहेत; मागे एक आकडा आणि एक अपूर्ण ओळ आहे, तिचे छायाचित्र शेजारी लावले आहे; हे चित्र अमुक साली अमुक प्रकारे संग्रहात आले; तर शाळेतले मूलही काचेला नाक लावून ती रेषा शोधेल. प्रांत आणि काळ कुणी ठरवला, कोणत्या वर्षी आणि कशाच्या आधारावर, हेही त्याच पाटीवर किंवा निदान दाखल नोंदवहीत असावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला मत बदलायचे झाल्यास कशाशी वाद घालायचा ते कळेल.

एक गोष्ट घाईची आहे. कागदावरच्या रंगांना उजेड सोसत नाही. अशा चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच उजेड असावा आणि ती वर्षानुवर्षे एकाच जागी लावून ठेवू नयेत, हे सर्वमान्य आहे. खिडकीसमोर लावलेली अनामिक स्त्रियांची चित्रे आधी उतरवावीत. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशीची आणि कसरीची भीती वेगळीच.

खासगी घरांत असलेल्या चित्रांविषयी वेगळे लिहायला हवे, तरी एवढे नमूद करते की १९७२ चा पुरावशेष व कलासंपदा कायदा शंभर वर्षांवरील चित्रांना लागू आहे, त्यांची नोंदणी करावी लागते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वाड्यांतून निघणाऱ्या पेट्यांत अशी चित्रे अजून सापडतात, आणि ती घेऊन येणाऱ्या कुटुंबाला पहिली भेट बहुधा आपलीच होते. त्या वेळी घरात चालत आलेली आठवण, पेटी कुठून आली, कुणाच्या माहेरची होती, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. एकदा चित्र दाखल होऊन कुटुंब परत गेले की ही माहिती पुन्हा मिळत नाही.

आपणा सर्वांकडे माझे मागणे असे आहे की, येत्या वर्षात प्रत्येक संग्रहालयाने आपल्याकडच्या अशा एका तरी चित्राची पुढची आणि मागची बाजू मोजपट्टीसह छायाचित्रित करून चेहऱ्याच्या मापांसह प्रसिद्ध करावी, आणि ज्या पाट्यांवर आधाराशिवाय प्रसिद्ध स्त्रियांची नावे आहेत त्या उतरवून, कारण देऊन, नव्या लिहाव्यात. मोडी आणि देवनागरी मजकूर वाचण्याच्या कामात मदत हवी असल्यास मी आणि माझ्याबरोबर मोडी शिकलेली मंडळी विनामोबदला येऊ. पत्राचे उत्तर एकेकट्याने देण्याऐवजी आपण सर्वांनी मिळून, जाहीरपणे द्यावे, म्हणजे कोणत्या संग्रहालयात काम सुरू झाले हे अभ्यासकांना कळेल.

कळावे,
आपली नम्र,
चित्रांची एक अभ्यासक